दरवाजांचं गाऱ्हाणं

मेस्त्री तोंडातले खिळे काढून हातावर घ्यायला लागला की आम्ही ओळखायचो, आता कुणाची तरी धडगत नाही. एरवी तो बोलायचा ते खिळे ओठांत धरूनच. ‘बरां’, ‘खंय’, ‘नको’ असे तुटक शब्द खिळ्यांच्या फटीतून बाहेर यायचे आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निभायचा. पण राग आला की एकेक खिळा काढून डाव्या तळहातावर ठेवायचा, मूठ मिटायचा आणि मग तोंड उघडायचा. “शिरा पडो तुज्या तोंडार!” ही त्याची सगळ्यात मऊ शिवी. पुढच्या इथे लिहिता येणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, तापट म्हातारे गावोगाव असतात. असतात की. भातात खडा लागला म्हणून ताट भिरकावणारे मीही पाहिलेत. पण या माणसाचा राग त्या जातीचा नव्हता, आणि आज आमच्याकडे त्याचं नाव निघालं की लोक हसून म्हणतात, “तो ना? पिसो होतो तो.” पिसो म्हणजे वेडा. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

ओरोसच्या अलीकडे, हायवेपासून थोडा आत, आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड आणि पुढे एक फणस. मी ड्रिल मशीनवर होतो. कारगिलचं युद्ध होऊन गेलं होतं, जो तो सायकलच्या हँडलला झेंडा लावून फिरत होता, आणि अशात आमच्या मालकांना घाटावरच्या एका मोठ्या कंपनीकडून काम मिळालं. सैनिकांना आत बसवून नेणाऱ्या ज्या चिलखती गाड्या असतात, त्यांच्या मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्या. ओतीव माल फाउंड्रीतून तयार यायचा. आम्ही तो घासायचा, त्याला भोकं पाडायची, लष्करी हिरवा रंग मारायचा आणि खोक्यांत भरून पाठवायचा. गावात सगळे म्हणायचे, पोरगा रणगाड्याच्या फॅक्टरीत आहे. चिलखती गाडी वेगळी आणि रणगाडा वेगळा, हे आम्ही कुणाला समजावलं नाही, कारण रणगाड्यामुळे लग्नाच्या बाजारात आमचा भाव वधारला होता.

मालक देवगडकडचे. मुंबईत वर्कशॉप चालवून परत आलेले. त्यांच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर असायचं. “आज बिजागरी, उद्या हेलिकॉप्टर,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आपल्या कोकणातून लष्कराला हेलिकॉप्टरचे भाग जाणार, या कल्पनेने त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. मेस्त्रीचे काही भरून यायचे नाहीत. तो म्हणायचा, “आधी भुयेवरचा धड करा, मगे उडा.”

मेस्त्री आमच्याकडे खोकी करायला होता. मुळात तो होड्या बांधणारा सुतार, मालवणच्या किनाऱ्यावरचा. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाची होडी बांधून घेणारं कुणी उरलं नाही. तेव्हा पोटासाठी तो एसटीने आमच्याकडे येऊ लागला. ज्या हातांनी समुद्रात जाणारी होडी बांधली, त्या हातांनी तो पॅकिंगची खोकी ठोकायचा, आणि तीही अशी ठोकायचा की मालक वैतागून म्हणायचे, “मेस्त्रीनू, ह्येका काय पाण्यात घालूचा नाय आसा.”

त्याच्या घराण्यात एक पद्धत होती. नवी होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली की बांधणारा सुतार आत बसायचा. मालक नंतर, खलाशी नंतर. बुडाली तर आधी सुतार बुडणार. मेस्त्री हे अभिमानाने सांगायचा नाही. जेवणाआधी हात धुतात हे जसं कुणी सांगेल, तसं सांगायचा.

लोखंडातलं त्याला काही कळत नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर काही लोकांनी त्याला मोठा जाणकार करून टाकलं. तो जाणकार नव्हता. त्याला फक्त डोळे होते. एकदा खोक्यात भरताना एक बिजागरी त्याच्या हातून निसटली आणि फरशीवर आपटली. कोपऱ्यातला हिरवा रंग उडाला, आणि रंगाबरोबर आतून लांबीचा एक गोळा बाहेर पडला. भिंत रंगवायच्या आधी खाचखळगे बुजवायला लावतात, तीच लांबी. ओतकामात कधीकधी हवा अडकते आणि लोखंडाच्या पोटात पोकळी राहते. असे तुकडे बाजूला काढून फाउंड्रीला परत करायचे असतात. आमच्याकडे ते बाजूला निघायचे, दुपारच्या सुट्टीत त्यांच्यात लांबी भरली जायची, आणि संध्याकाळी चांगल्या मालात मिसळून उभे राहायचे. शेडमध्ये हे माहीत नसलेला एकच माणूस होता. तो खोक्यांच्या कोपऱ्यात पाठ करून बसायचा.

मेस्त्रीने बिजागरी उचलली आणि कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या बिळात बघावं तसं त्या भोकात बघितलं. मग खिळे काढायला सुरुवात केली.

“ह्या काय?”

मालक बाहेर आले. “मेस्त्रीनू, तुमचा काम खोक्यांचा. आतला आमी बघतो.”

“आतला तुमी बघतास. पण दरवाजाच्या आत बसतलो कोण? तुमचो मेवणो?”

त्या दिवशी तो जे बोलला ते ऐकून फणसावरचे कावळेसुद्धा उडाले असतील. पण काम थांबलं नाही. रंगवणाऱ्यांपैकी एकाने हसत हसत त्याला डिवचलं, “मेस्त्री, तू पण होडयेची भोकां बुजवीत होतस मां?” मेस्त्री त्याच्या अगदी जवळ गेला. “होडयेचा भोक बुजला नाय तर खलाशाक पाणी दिसता. तो पाणी उपासता, बोंब मारता, परत फिरता. तू रंग मारल्यार आतल्याक काय दिसता रे, मेल्या?”

दुसरा म्हणाला, “जाव दे मेस्त्री. तुजो कोण आसा लष्करात?”

हा प्रश्न त्याला पुढे कितीतरी जणांनी विचारला, आणि प्रत्येक वेळी तो सारखाच पेटायचा. “कोण नाय! म्हणान काय झाला? ज्येंची पोरां आसत ते हय येतले काय बघूक?” खरंच त्याचं कुणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं, भाचा-पुतण्याही नव्हता. ज्यांचे होते, अशी चार माणसं आमच्या शेडमध्ये काम करत होती, आणि ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. पगार वेळेवर होत होता ना.

मेस्त्रीने बिजागऱ्यांच्या खोक्यांवर झाकण ठोकायचं बंद केलं. खोकी करून द्यायचा आणि बाजूला व्हायचा. झाकणं मग आम्हीच ठोकायला लागलो, वाकडीतिकडी. त्यावरूनही तो शिव्या घालायचा.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना नारळ ठेवतात आणि कुणीतरी जाणता माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो. काय चाललंय, कुठे अडलंय, काय हवंय. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” लहानपणापासून ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की डोक्याला विचारायला न जाता तोंडातून निघतं. आणि चालू गाऱ्हाणं कुणी मधे तोडत नाही. मालक असो नाहीतर मंत्री असो, चपला काढून उभं राहायचं. जागेचा राखणदार ऐकत असतो. आमच्या कारखान्यात मालाची गाडी निघताना गाऱ्हाणं व्हायचं आणि वयाने मोठा म्हणून ते मेस्त्रीकडे होतं. मालकांना त्याला कामावरून काढता आलं असतं, पण गाऱ्हाण्यावरून काढायची त्यांची छाती नव्हती.

त्या दिवशी माल पास करायला घाटावरच्या कंपनीचे साहेब आले होते. पांढरा शर्ट, स्वच्छ बोलणं. त्यांनी वरवरची चार खोकी बघितली, सह्या केल्या, मालकांच्या घरी बांगडे शिजत होते त्याची चौकशी केली. ट्रक भरून उभा राहिला. पुढच्या चाकाशी नारळ ठेवला. मालक साहेबांना म्हणाले, “आमची परंपरा आहे, दोन मिनिटं.” साहेबांनी बूट काढले आणि हात जोडले.

मेस्त्रीने सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज तुजी लेकरां श्रीफळ ठेवन तुज्या पायाकडे उभी आसत, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हयसून ही गाडी घाट चढान वर जातली. तिका वाटेत अडचण येव नको, डायवराच्या डोळ्यार झापड येव नको, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी ह्या खोक्यांनी जो माल भरलेलो आसा, तेका भोकां आसत. भोकांत लांबी भरून वर रंग मारलेलो आसा. ता मालकाक ठावक आसा, रंगवतल्यांक ठावक आसा, हय हात जोडून उभ्या रवलेल्या सगळ्यांक ठावक आसा, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

निघून गेलं तोंडातून. सगळ्या शेडचं, मालकांसकट. म्हणून झाल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मालकांचा चेहरा उतरला, पण जोडलेले हात खाली घ्यायची सोय नव्हती. मेस्त्री थांबला नाही.

“उद्या ह्या दरवाजांच्या आत कोणाची तरी पोरां बसतली. तेंका भायर पडूचा आसताना दरवाजो उघडाक नाय, नायतर तुटान पडलो, तर तेचा पाप ज्येनी ज्येनी ह्या माल पुढे धाडल्यानी तेंच्या घरार घाल, रे म्हाराजा!”

या वेळी कुणाचं तोंड उघडलं नाही. फक्त पाहुण्या साहेबांचा आवाज आला, एकट्याचा, अगदी स्पष्ट. “होय महाराजा!”

कुणीतरी हसू दाबलं. बिचाऱ्याला काय कळणार, असं आम्हाला वाटलं.

आणि मग ते झालं जे मालकांच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. ट्रकचा ड्रायव्हर जवळच्याच कट्टा गावचा. त्याने केबिनमधून आपली पिशवी काढली, चावी बॉनेटवर ठेवली आणि म्हणाला, “ह्या गाऱ्हाणा घेवन मी घाट चढूचंय नाय.” मालकांनी त्याला समजावलं, दम दिला, हात जोडले. तो म्हणाला, “देवान ऐकल्यान, मालकानू. आता माजा काय खरा नाय.” आणि पिशवी खांद्याला मारून हायवेकडे चालायला लागला. मी आयुष्यात इतका खूश क्वचित झालो असेन. वाटलं, जिंकला म्हातारा.

“गाडी का थांबली?” साहेबांनी विचारलं.

“ड्रायव्हरच्या पोटात दुखतंय,” मालक म्हणाले.

तेव्हा मेस्त्री पुढे झाला. साहेबांसमोर उभा राहून त्याने आयुष्यभरात साठवलेली सगळी ऑफिसातली मराठी एकत्र केली. “साहेब, आपण झाकण उघडून आतमध्ये बघावे. आतमध्ये भोके आहेत. मी खोटे सांगत नाही.” त्याचा आवाज कापत होता. शिव्या देताना कधी कापला नव्हता.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी दोन हातांवर होतो, मला नीट ऐकू आलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, “मेस्त्रीनू, माका समाजला सगळा. माजी आये हयचीच, बांद्याची. गाऱ्हाणा बरा घातलास तुमी. पण माल पास झालो. आता गप रवा.”

देवाला न मानणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण बूट काढून, हात जोडून, एकेक शब्द कळत असताना त्या शापाला ‘होय महाराजा’ म्हणणारा आणि मग जाऊन बांगडे खाणारा माणूस मी एकच पाहिला. त्याचा राग मला आजही येतो.

मेस्त्रीच्या तोंडातून एकही शिवी नाही. रिकाम्या खोक्यावर बसला आणि साहेबांच्या पाठीकडे बघत म्हणाला, “मगे तू व्हय म्हणालंस कशाक?” साहेब तोवर मालकांच्या गाडीपाशी पोचले होते.

दुसऱ्या दिवशी घाटावरचा ट्रक आला, घाटावरचा ड्रायव्हर आला. त्याला आमचा राखणदार माहीत नव्हता. माल गेला. मेस्त्रीला मालकांनी निरोप धाडला की आता खोकी तयार मिळतात, यायची गरज नाही. त्यानंतर कारखान्यात गाऱ्हाणं झालं नाही. मालक भटजी बोलावून पूजा करू लागले, आणि भटजी संस्कृतात काय म्हणतात ते कुणाला कळत नसल्यामुळे सगळं सुरळीत चाललं.

मेस्त्री ओरोसला सरकारी ऑफिसांत दोन-तीनदा जाऊन आला. हे आमच्याकडे येत नाही, एवढंच प्रत्येक खिडकीवर कळलं. मग त्याने स्वतःचा मार्ग काढला. एसटी स्टँडवर जाऊन बसायचं. सुट्टीवर येणारा फौजी लांबून ओळखू येतो. बारीक कापलेले केस, आणि पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली लोखंडी ट्रंक. तसा कुणी गाडीतून उतरला की मेस्त्री उठून जवळ जायचा.

“झिला, तुमच्याकडे रणगाडे आसत मां? मागच्या दरवाजाची बिजागरी बघलंस?”

पोरं बावचळायची. आईबाप न्यायला आलेले असायचे, ते म्हाताऱ्याला बाजूला सारायचे. एकाने सांगितलं, “आजोबानू, मी लंगरात आसंय. जेवाण करतंय.” मेस्त्री म्हणाला, “मगे जेवूक येतत तेंका सांग. रंग खरवडून बघा म्हणान.” तो आचारी हसत निघून गेला. मेस्त्री त्याला उद्देशून जे बोलला ते ऐकून स्टँडवरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. एकदा समुद्राच्या बाजूने नौदलाचं हेलिकॉप्टर गेलं. स्टँडवरची सगळी पोरं टाळ्या वाजवत धावली. मेस्त्रीही मान वर करून बघत होता, दिसेनासं होईपर्यंत. मग म्हणाला, “तेचे बोल्ट खंयच्या शेडीत केल्यानी, कोण जाणा.” मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. त्याला खरोखर घोर लागला होता. वर बसलेल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसांचा घोर. आमच्यातल्या कुणाला तो नव्हता, आणि वेडा मात्र तो ठरला.

वर्षं गेली. कुठली वाईट बातमी आली नाही. निदान आमच्यापर्यंत आली नाही. “बघ, काय झाला काय? उगाच बोंब मारी होतो,” असं लोक म्हणायला लागले. हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. कुठल्या डोंगरात कुठला दरवाजा अडकला, हे कट्ट्याच्या बाजारात कळणार होतं का?

मेस्त्री एका श्रावणात तापाने गेला. चार दिवसांचा ताप. शेवटी शेवटी काय बोलला असेल, याची मला उत्सुकता होती, पण त्याची बायको म्हणाली, काही बोलला नाही, पाणी मागितलं. कारखान्यातून मयताला मी आणि तो ट्रक ड्रायव्हर, दोघंच गेलो.

पुढच्या महिन्यात गणपती होते. त्या घरात यंदा गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी बांधलेली नव्हती. मी म्हातारीची चौकशी करायला गेलो तेव्हा ती खळ्यात कुळीथ पाखडत बसली होती आणि समोर एक तरणा पोरगा उभा होता. केस बारीक कापलेले, हातात पिशवी. आतल्या कुठल्याशा गावचा. तो फौजेत तसलीच गाडी चालवायचा. मेस्त्री कुठे राहतात, असं स्टँडवर विचारत विचारत आला होता. ते गेल्याचं त्याला इथे आल्यावर कळलं.

“आजये, तेंनी माका स्टँडार गाठल्यानी होता,” तो म्हणाला. “मी तेव्हा हसलंय. मगे एक दिवस गाडी धुताना आठवला. सुऱ्येन खालच्या बिजागरीचो रंग खरवडलंय. करंगळी जाय, इतक्या भोक. आमच्या साहेबांक दाखवलंय. तेंनी दरवाजो बदलून दिल्यानी.”

मला वाटलं, आत्ता धावत जावं आणि बाजारात उभं राहून बोंब ठोकावी. पोराने पिशवीतून कॅन्टीनची रमची बाटली काढली आणि खळ्याच्या कडेला ठेवली. “तेंच्यासाठी हाडलेली. तुमी ठेवा.”

म्हातारीने सूप खाली ठेवलं. बाटलीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

“आनी बाकीचे?”

“बाकीचे काय, आजये?”

“बाकीच्या गाडयेंचे दरवाजे.”

पोरगा म्हणाला, “तेंचा माका ठावक नाय.”

“मगे ही घेवन जा,” म्हातारी म्हणाली. “बाकीचे बघ, आनी मगे ये.”

पोराने मान खाली घालून बाटली उचलली.